जुन्या पिकअपच्या सीटचे मूळ कव्हर कसे जुळवावे

जुनी पिकअप मूळ रूपात आणताना इंजिन, चासी आणि पत्रा यांचा जितका काटेकोर विचार होतो, तितका सीटचा होत नाही. गाडी रंगून होते, काचा बसतात आणि मग शेवटच्या आठवड्यात नमुन्यांच्या वहीतून त्यातल्या त्यात जवळचे रेक्झीन निवडून सीट शिवून घेतली जाते. पिकअपच्या केबिनमध्ये मात्र दारापासून दारापर्यंत एकच लांब सीट असते आणि दार उघडताच नजर पहिल्यांदा तिच्यावरच जाते. एखाद्या नटाचे डोके चुकीचे असले तर ते जाणकारालाच कळते. सीट चुकली तर का ते सांगता आले नाही तरी काहीतरी बिनसले आहे हे कोणालाही जाणवते.

मूळ कव्हर कसे होते याची जवळजवळ सगळी माहिती त्या फाटक्या, मळक्या सीटमध्येच दडलेली असते. त्यामुळे हे काम दुकानात रंग पाहण्यापासून सुरू करू नये. ते जुनी सीट नीट वाचण्यापासून सुरू करावे. जुळवण्याचा क्रमही लोक सहसा उलटा लावतात. आधी सीटचा आकार, मग पृष्ठाची नक्षी आणि चकाकी, मग शिवण आणि सर्वांत शेवटी रंग, असा क्रम ठेवला तर काम फसत नाही. रंगात थोडा फरक राहिला तरी डोळा तो सोडून देतो, पण फुगीर झालेली गादी आणि परकी नक्षी तो सोडत नाही.

उसवण्यापूर्वी

सीट गाडीतून काढण्याआधी तिची समोरून, दोन्ही दारांतून आणि शक्य असल्यास वरून छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक चित्रात मोजपट्टी दिसेल असे पाहावे. बैठकीची पुढची कड किती गोल आहे, बैठक आणि पाठ यांच्यामध्ये किती फट आहे, पाठीची वरची कड मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून किती खाली येते, ही मापे सीट बाहेर काढल्यावर पुन्हा मिळत नाहीत. स्प्रिंगा बसल्यामुळे यांतली काही मापे आज कमी भरतील; तरीही ती लिहून ठेवावीत.

त्यानंतर गाडीची कागदपत्रे आणि पाट्या पाहाव्यात. जनरल मोटर्सच्या १९६७ ते १९७२ या काळातल्या पिकअपमध्ये ग्लव्ह बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सुट्या भागांच्या ओळखीचे स्टिकर असते आणि गाडी कारखान्यातून कोणते पर्याय घेऊन निघाली ते त्यावरच्या संकेतांकांवरून कळते. अशी पाटी हाती लागली की सीट साधी होती की वरच्या श्रेणीची, हा पहिला प्रश्न सुटतो आणि तो महत्त्वाचा आहे. एकाच वर्षाच्या एकाच मॉडेलमध्ये साध्या श्रेणीला एकरंगी व्हिनाइल (प्लॅस्टिकचा लेप दिलेले कापड) आणि वरच्या श्रेणीला मध्यभागी विणलेले कापड असा फरक सर्रास असे. शेव्हरोलेच्या १९७२ च्या हायलँडर पॅकेजमध्ये सीटच्या मधल्या भागाला हाउंडस्टूथ नक्षीचे, म्हणजे तुटक, टोकदार चौकड्यांचे, कापड येत असे. ते साध्या श्रेणीच्या गाडीत घातले तर सीट देखणी दिसेल, पण ती त्या गाडीची राहणार नाही. जुन्या विक्रीपत्रिका उपयोगी असतात. मात्र त्यांतल्या रंगांवर विसंबू नये, कारण छपाईची शाई आणि व्हिनाइल यांचे रंग कधीच एक नसतात. विक्रीपत्रिका पट्ट्यांची मांडणी आणि शिवणीच्या जागा पाहण्यासाठी वापरावी.

आता अंगावर असलेले कव्हर मूळचेच आहे का, हे ठरवावे. सीट उलटी करून खालची कड पाहिली की बहुतेक वेळा उत्तर मिळते. कारखान्यात कव्हर तारेच्या लहान कड्यांनी, म्हणजे हॉग रिंगांनी, सांगाड्याला बांधले जाई. त्या कड्या साधारण सारख्या अंतरावर असतील, सगळ्यांवर एकसारखा गंज असेल आणि कापडाला प्रत्येक कडीपाशी एकच छिद्र असेल, तर कव्हर बहुधा पहिलेच आहे. कड्यांच्या शेजारी जुनी रिकामी छिद्रे असतील, मध्येच नव्या चकचकीत कड्या किंवा साधी तार असेल, किंवा सुतळीने टाचलेले दिसेल, तर सीट एकदा तरी उघडली गेली आहे. तेवढ्याने निराश होऊ नये. नवे कव्हर जुन्यावरच चढवण्याची पद्धत सगळीकडे होती आणि वरचे कव्हर काढल्यावर खाली मूळचे कव्हर उन्हापासून वाचलेले सापडणे ही या कामातली सर्वांत मोठी भेट असते.

जुनी सीट उघडताना हातमोजे आणि चांगला मास्क वापरावा. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या सीटमध्ये उंदरांची घरटी हमखास असतात आणि त्यांच्या लेंड्यांच्या धुळीतून गंभीर आजार पसरू शकतात. ती घाण कोरडी झाडू नये. जंतुनाशकाने भिजवून मगच उचलावी.

मूळ रंग आणि नक्षी कुठे शोधावी

बसण्याच्या भागावरचा रंग हा मूळ रंग नसतो. उन्हाने तो विटलेला असतो, घामाने आणि तेलाने काळवंडलेला असतो आणि मागच्या मालकांनी लावलेल्या पॉलिशचे थर त्यावर चढलेले असतात. खरा रंग उजेड न पोहोचलेल्या जागी मिळतो: सांगाड्याखाली दुमडलेली कड, पाठीचा बैठकीमागे दडलेला तळ आणि सीट रुळांवर बसते तिथला ब्रॅकेटखालचा तुकडा. यांहूनही भरवशाची जागा म्हणजे शिवणीच्या आत दुमडून गेलेले मार्जिन. पाइपिंगजवळची, म्हणजे आत दोरी घालून शिवलेल्या गोल कडेजवळची, शिवण दोन बोटे उसवून आतली पट्टी उघडली, की कित्येकदा एकाच तुकड्यावर दोन रंग शेजारी दिसतात: टाक्यांच्या रेषेबाहेर करडट, विटलेला आणि रेषेच्या आत दाट, ओलसर वाटावा असा मूळचा. ही पट्टी कापून ठेवावी. सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांनी ती धुवावी, सावलीत वाळवावी, मागे जागेचे नाव लिहून कागदी पाकिटात अंधारात ठेवावी. गंजाचा पिवळा डाग पडलेला तुकडा रंगासाठी घेऊ नये.

एक निर्णय इथेच घ्यावा लागतो. संपूर्ण सीट नव्याने शिवायची असेल तर या लपलेल्या पट्टीचा रंग धरावा. पण बाकीचे मूळ कव्हर शाबूत असून फक्त चालकाच्या बाजूचा एक भाग बदलायचा असेल, तर त्या विटलेल्या रंगाशीच जुळवावे लागते. नाहीतर नवा तुकडा ठिगळासारखा उठून दिसतो. माझे मत स्पष्ट आहे. मूळ कव्हर निम्म्याहून अधिक टिकाऊ स्थितीत असेल तर ते काढून टाकू नये, दुरुस्त करावे. हुबेहूब नवी सीट पुन्हा कधीही शिवता येते, पण कारखान्यातून आलेली सीट एकदा टाकली की गेलीच.

साहित्य ओळखण्यासाठी कापलेल्या तुकड्याची मागची बाजू पाहावी. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांत कृत्रिम चामडे म्हणजे बहुधा नायट्रोसेल्युलोजचा लेप दिलेले सुती कापड असे. ते दुमडले की तडकते आणि लेपाच्या खपल्या निघतात. युद्धानंतर हळूहळू पीव्हीसीचे व्हिनाइल आले. त्याच काळात सारान या प्लॅस्टिकच्या चकचकीत धाग्यांनी विणलेले सीटचे कापडही वापरात होते. जवळून पाहिले तर त्यात कापसाचा तंतू नसून मासेमारीच्या दोरीसारखा अखंड धागा दिसतो. व्हिनाइलमध्येही दोन प्रकार आहेत. जुन्या व्हिनाइलच्या मागे बहुधा घट्ट विणलेले सुती कापड असते आणि ते फारसे ताणले जात नाही. पुढच्या काळातल्या फुगवलेल्या व्हिनाइलमध्ये वरच्या कातडीखाली सूक्ष्म बुडबुड्यांचा मऊ थर असतो आणि मागे होजिअरीसारखी ताणणारी वीण असते. आज बाजारात मिळणारे बरेचसे व्हिनाइल या दुसऱ्या प्रकारचे असते. १९५० च्या दशकातल्या सीटवर ते घातले तर नक्षी आणि रंग जुळूनही कोपरे फार गुबगुबीत दिसतात, म्हणून त्या काळच्या गाडीसाठी मागे विणलेले कापड असलेले, न फुगवलेले व्हिनाइलच मागून घ्यावे.

ग्रेन, चकाकी आणि मग रंग

व्हिनाइलच्या पृष्ठावर चामड्यासारखी उठावाची जी नक्षी असते तिला पुरवठादार ग्रेन म्हणतात आणि माद्रिद, सिएरा अशा नावांनी ती ओळखतात. नावावर विसंबून मागणी नोंदवू नये, कारण एकाच नावाचे दोन कारखान्यांचे माल तंतोतंत सारखे असतातच असे नाही. नक्षीचा ठसा घ्यावा. स्वच्छ केलेल्या मूळ तुकड्यावर पातळ कागद घट्ट धरून त्यावर मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली, की दऱ्या पांढऱ्या आणि उंचवटे काळे उमटतात. डोळ्यांना नुसती खडबडीत वाटणारी पृष्ठे या ठशावर एकदम वेगळी होतात: एकीचे कण गोल आणि सुटे असतात, तर दुसरीच्या रेषा एकाच दिशेला लांबत जातात. हाच ठसा नव्या नमुन्याचाही घ्यावा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत. जोडीला अंधाऱ्या खोलीत टॉर्च जवळजवळ आडवी धरून, मोजपट्टी शेजारी ठेवून, दोन्ही तुकड्यांचे छायाचित्र घ्यावे. कणांचा आकार एक असून खोली वेगळी असेल तर ते इथे कळते.

नक्षीला दिशा असते हेही या ठशावरून समजते. मूळ सीटवर ती पुढून मागे धावत होती की दारापासून दारापर्यंत, हे उसवण्याआधीच प्रत्येक तुकड्याच्या मागे बाण काढून नोंदवावे. व्हिनाइलचा पन्हा बहुधा ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर असतो; पिकअपची लांब सीट त्यात आडवी मावत नसल्याने कारखान्याने कुठे जोड दिला होता ते जुन्या कव्हरवर दिसते आणि तो जोड तिथेच द्यावा. कापड वाचवण्यासाठी एखादा तुकडा फिरवून कापला तर त्यावर उजेड वेगळा पडतो आणि रंग एकच असूनही तो तुकडा गडद दिसतो.

चकाकी हा दुर्लक्षित राहणारा गुण आहे. नव्या व्हिनाइलची चमक मूळच्या मालापेक्षा जास्त किंवा कमी असली, तर रंग हुबेहूब असूनही सीट नवखी वाटते. लपलेल्या पट्टीवर आणि नव्या नमुन्यावर खिडकीचे प्रतिबिंब कसे पडते ते एकाच कोनातून पाहावे. पट्टीत खिडकीच्या कडा धूसर दिसत असतील तर नमुन्यातही त्या तितक्याच धूसर दिसल्या पाहिजेत.

रंग पाहताना नमुना बोटाएवढा नको. निदान तळहाताएवढा मागवावा. तो आधी दुपारच्या सावलीत, मग थेट उन्हात आणि शेवटी दिव्याच्या उजेडात मूळ पट्टीला चिकटवून पाहावा. जुनी आणि नवी रंगद्रव्ये वेगवेगळी असल्यामुळे एका उजेडात एकजीव झालेले दोन तुकडे दुसऱ्या उजेडात हिरवट आणि तांबूस असे वेगळे पडतात, आणि हिरव्या, तपकिरी व करड्या छटांमध्ये हा त्रास अधिक होतो. तिन्ही उजेडांत थोडा थोडा चुकणारा नमुना हा एका उजेडात तंतोतंत आणि दुसऱ्यात पूर्ण चुकणाऱ्या नमुन्यापेक्षा नेहमीच चांगला. सीटबरोबरच दाराचे पॅनेल, हात टेकायचे पॅड आणि सन व्हायझर यांचे नमुनेही समोर ठेवावेत, कारण सीट शेवटी त्यांच्या शेजारी बसणार असते.

ग्रेन आणि चकाकी पूर्ण जुळते, पण छटा किंचित फिकी आहे, अशा वेळी व्हिनाइलवर चढणारा लवचीक रंग फवारून छटा दुरुस्त करता येते. पृष्ठ पूर्णपणे तेलमुक्त करावे, रंगाचे अगदी पातळ थर द्यावेत आणि आधी टाकाऊ तुकड्यावर रंग चढवून, तो वाळल्यावर दुमडून आणि नखाने ओरखडून तपासावा. जाड थर नक्षीच्या दऱ्या भरून टाकतो आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते. कारखान्यात बनून न वापरता पडून राहिलेला जुना माल कधीकधी मिळतो. तो रंगाला अचूक असतो, पण व्हिनाइलला मऊ ठेवणारी द्रव्ये काळाबरोबर निघून जातात; म्हणून पैसे देण्याआधी एक कोपरा दुमडून तो तडकत नाही ना, हे पाहावेच.

एक सुरक्षेची बाब. अमेरिकेत १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झालेल्या ३०२ क्रमांकाच्या मोटार सुरक्षा मानकानुसार गाडीच्या आतल्या साहित्यावर ज्वाला मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. त्याआधीच्या गाड्यांना हे बंधन नव्हते. तरीही नवे कापड आणि फोम घेताना या मानकात बसणाराच माल घ्यावा, कारण त्याने दिसण्यात काहीच फरक पडत नाही. सोफ्यासाठी बनवलेले कापड नक्षीने जुळले तरी ते गाडीच्या उन्हासाठी आणि घर्षणासाठी बनलेले नसते.

शिवण आणि फर्मे

जुन्या कव्हरवरचे टाके मोजताना एक इंच मोजून थांबू नये. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आहेत ते तीन जागी मोजून सरासरी काढावी. सीटच्या वरून दिसणाऱ्या टीपेला इंचाला सहा ते आठ टाके हे प्रमाण नेहमीचे आहे. एकेरी टीप की दुहेरी, दोन टीपांमधले अंतर किती, टीप शिवणीच्या कोणत्या बाजूला आहे, पाइपिंगच्या आतली दोरी किती जाड आहे (बहुधा ती ४ मिलिमीटरच्या आसपास असते) आणि पाइपिंगचा जोड कुठे लपवला आहे, हे सगळे लिहून घ्यावे. जुना दोरा बहुधा सुती असतो आणि कुजलेला असतो. त्याच्या जागी उन्हात टिकणारा पॉलिस्टर दोरा वापरावा; नायलॉन मजबूत असले तरी उन्हाने लवकर खंगते. दोऱ्याचा रंगही मार्जिनच्या आतूनच पाहावा, कारण बाहेरचा दोरा मळाने कापडाच्याच रंगाचा झालेला असतो.

काही सीटवरचे उभे पट्टे शिवलेले दिसतात, पण ते शिवलेले नसतात. उच्च वारंवारतेच्या विद्युत क्षेत्रात पीव्हीसी आतून तापवून, साच्यात दाबून ते पट्टे उमटवलेले असतात आणि त्या दाबरेषेत टाक्यांसारख्या बारीक खुणाही असतात. तुकडा उलटून पाहिला आणि मागे दोरा नसेल तर पट्टे दाबाचे आहेत असे समजावे. असे पट्टे शिवणयंत्रावर साधत नाहीत. शिवले की रेषा अरुंद आणि खोल होते आणि पट्टा उगाच फुगतो. अशा सीटसाठी त्या मॉडेलचे तयार, दाबपद्धतीने बनवलेले कव्हर शोधावे किंवा हे यंत्र असलेल्या कारखान्याकडून फक्त पट्ट्यांचा भाग करून घेऊन बाकीची शिवण घरी करावी.

फर्मे, म्हणजे कापड बेतण्याचे नमुने, जुन्या कव्हरवरूनच काढावेत, पण आंधळेपणाने नाही. उसवण्याआधी प्रत्येक शिवणीवर दर हातभर अंतराने दोन्ही तुकड्यांवर मिळून एक आडवी खूण करावी, म्हणजे नवे तुकडे जोडताना कोणता बिंदू कोणत्या बिंदूवर येतो ते ठरलेले राहते. चालकाच्या बाजूचा भाग वापराने ताणलेला आणि दाराकडची कड घासलेली असते, तर प्रवाशाच्या बाजूचा भाग बराच मूळ मापाचा असतो. म्हणून फर्मा प्रवाशाच्या बाजूवरून काढून मध्यरेषेवर उलटवावा. मात्र त्याआधी सीट खरोखर दोन्हीकडे सारखी आहे का ते सांगाड्यावरून पाहावे, कारण काही गाड्यांत गिअरच्या दांड्यासाठी किंवा रुळांसाठी एका बाजूला खाच असते. आखडलेल्या व्हिनाइलचा तुकडा सांगाड्याच्या मापापेक्षा लहान भरतो. अशा वेळी जुन्या टाक्यांची रेषा धरून फर्मा काढावा आणि मार्जिन नव्याने द्यावे. महागडे कापड कापण्याआधी साध्या जाड कापडाचे एक कव्हर शिवून चढवून पाहावे. हाउंडस्टूथ किंवा पट्ट्यांच्या कापडाची नक्षी आधी मध्यरेषेवर बसवावी आणि मगच कडांकडे जावे, म्हणजे बैठकीवरची रांग पाठीवर त्याच ओळीत चढते.

आतला भराव

सीटचे रूप भरावावर ठरते आणि हुबेहूब कव्हर शिवूनही सीट चुकीची दिसते ती बहुतेक वेळा इथे. जुन्या सीटमध्ये स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या किंवा सिसलचा कडक थर आणि त्यावर कापूस असे. सगळा भराव काढून एकच जाड फोम घातला तर सीट गोल, उंच आणि दिवाणखान्यातल्या सोफ्यासारखी होते. गोणपाट नवे घालावे, काथ्याचा थर घालावा आणि कापसाच्या जागी कापूसच घालावा; ज्या गाडीत मुळात फोम होता तिथेच फोम घालावा. स्प्रिंगा गंज काढून रंगवाव्यात, तुटलेली स्प्रिंग त्याच जाडीच्या तारेने बदलावी आणि कडेची चौकटीची तार सरळ आहे ना ते दोरी ताणून पाहावे. उसवण्यापूर्वी घेतलेली मापे इथे कामाला येतात: भरावाची उंची कव्हराशिवाय मोजावी आणि कव्हर चढल्यावर ती थोडी दबणार हे धरून किंचित जास्त ठेवावी.

चढवताना

जुन्या अमेरिकी पिकअपपैकी अनेकांत पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या पाठीमागेच असते; शेव्हरोलेत ही रचना १९७२ पर्यंत होती. त्यामुळे हीट गन आणि चिकटवण्याचे द्रावण यांचे काम सीट गाडीबाहेर, मोकळ्या हवेत ठेवूनच करावे.

कव्हर उन्हात तासभर पसरून ऊबदार केले की ते मऊ पडते आणि हीट गनची गरज फारशी उरत नाही. हीट गनने नक्षी सपाट होऊन चकाकणारा डाग पडतो आणि तो परत जात नाही. भरावावर पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवला तर कव्हर सहज सरकते. नंतर तो ओढून काढावा. सुरुवात मध्यभागी करावी: पुढची मध्यखूण, मागची मध्यखूण आणि मग तिथून आलटून पालटून दोन्ही कोपऱ्यांकडे. कडेच्या नेफ्यात ओवलेली जुनी तार सरळ करून, गंज काढून पुन्हा वापरावी, कारण हॉग रिंग नुसत्या कापडात अडकवली तर ताणाने ते फाटते. कड्या जुन्या छिद्रांच्या अंतरानेच घालाव्यात. कोपऱ्यात सुरकुती राहिली तर ओढून ताणू नये. दोन कड्या सोडून खाली मूठभर कापूस सारावा आणि पुन्हा बांधावे. आडव्या सुरकुत्या बहुधा भराव कमी पडल्याने येतात आणि तिरप्या सुरकुत्या ताण एका बाजूला गेल्याने, हे लक्षात ठेवले तर दुरुस्ती कुठे करायची ते लगेच कळते.

सीट बसवल्यावर पहिले काही आठवडे ती थोडी दबते, म्हणून शेवटच्या काही कड्या तात्पुरत्या ठेवून नंतर ताण पुन्हा घ्यावा. उरलेल्या कापडाचा एक मोठा तुकडा, दोऱ्याचे रीळ, फर्मे आणि मूळ कव्हरचे नाव लिहिलेले तुकडे एकत्र गुंडाळून अंधाऱ्या जागी ठेवावेत. पुढे एखादा भाग फाटला तर त्याच मालाने दुरुस्ती होईल. सीट पुसण्यासाठी सौम्य साबणाचे पाणी पुरते. सिलिकॉनचे चकचकीत पॉलिश लावू नये, कारण त्याने जुळवलेली चकाकी एका दिवसात बदलते आणि पुढे कधी छटा दुरुस्त करायची वेळ आली तर त्यावर रंग धरत नाही.